ससाण्याच्या अंगावर ओझं किती असावं?

बहिरी ससाणा शिकारीला सोडताना ब्रिटनमधले किंवा आखाती देशांतले बाजपालक त्याच्या पायात चामड्याच्या वाद्या अडकवतात, कुणी घुंगरू बांधतं, आणि हल्ली पाठीवर किंवा शेपटीवर छोटा ट्रान्समीटरही असतो. प्रत्येक वस्तू काही ग्रॅमचीच. मग बिघडलं कुठे?

पक्ष्यांना टॅग लावणारे संशोधक एक ढोबळ नियम वापरतात: ओझं शरीराच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं. नर ससाणा ६०० ग्रॅमचा धरला, तर मर्यादा झाली १८ ग्रॅम. पण नुसता ट्रान्समीटर तोलून भागत नाही. वाद्या, घुंगरू, सगळं एकत्र काट्यावर ठेवायला हवं.

शिवाय काट्यावर वजन दिसतं, हवेचा अवरोध दिसत नाही. वेग दुप्पट झाला की अवरोध साधारण चौपट होतो. म्हणजे संथ उडताना न जाणवणारी, बाहेर आलेली अँटेना ससाण्याने सूर मारला की चांगलीच नडू शकते.

मग सगळंच काढून टाकायचं का? तसंही नाही. ट्रान्समीटर नसेल तर हरवलेला पक्षी सापडणं कठीण. उलट हातावर धरायच्या, चिरा पाडलेल्या वाद्या पायात राहिल्या तर त्या फांदीत अडकून पक्षी उलटा लटकतो आणि जिवाला मुकतो. म्हणून उडवताना बारीक, बिनचिरेच्या वाद्या घालतात.

थोडक्यात, ३ टक्के ही वरची हद्द आहे, ती भरून काढायची गरज नाही. प्रत्येक वस्तूबद्दल एकच विचारायचं: ही हवेत पक्ष्याच्या कामाची आहे का?