वेष्टणावरील पदक : कोणत्या मालाचे, कोणत्या वर्षाचे?

प्रदर्शनात आपल्या मालाला पदक मिळणे ही कोणत्याही शेतकऱ्यास अभिमानाची गोष्ट होय. परभणी जिल्ह्यातील अनेक शेतकरी व महिला बचत गट आज हळद, डाळ, गूळ, मिरची पूड, लोणची व पापड पुड्यांत भरून स्वतःच्या नावाने विकू लागले आहेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचे 18 मे व 17 सप्टेंबरचे मेळावे, परभणीचा उरुस किंवा तालुक्याचा आठवडी बाजार, कोठेही गेले तरी मालाची गर्दी असते. अशा गर्दीत पुड्यावरील सोनेरी पदक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत प्रथम भरते. म्हणूनच ते छापण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार करणे अगत्याचे आहे.

समजा, गोदाकाठच्या एका गावातील गटाने निवडक हळकुंडे नीट शिजवून, वाळवून, दळून पूड तयार केली व तिला प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले. गटाने लगेच पदकाचे चित्र असलेल्या पाच हजार पिशव्या छापून घेतल्या. पुढे मागणी वाढली आणि घरची हळद संपली. तेव्हा बाजारातून हळकुंडे आणून, दळून त्याच पिशव्यांत भरण्यात आली. गटाचा हेतू लबाडीचा नव्हता. पिशव्या शिल्लक होत्या एवढेच. परंतु गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते पदक मिळविलेल्या हळदीसाठी, आणि त्याच्या हाती पडली दुसरीच हळद. अशा वेळी पदक हे भूषण न राहता फसवणुकीचे साधन ठरते.

पदक कशाला मिळते?

परीक्षक जो नमुना पाहतात, चाखतात किंवा तपासतात, त्या नमुन्याला पदक मिळते. गावाला, गटाला किंवा पुढील सर्व वर्षांच्या मालाला ते मिळत नाही. फ्रान्समध्ये 1870 साली सुरू झालेल्या पॅरिसच्या राष्ट्रीय कृषि स्पर्धेत हे तत्त्व कसोशीने पाळले जाते. ज्या मालास पदक मिळाले त्याच मालावर पदकाचे चिन्ह लावता येते आणि त्यावर वर्ष दिलेले असते. हाच दंडक आपणही घालून घेतल्यास गिऱ्हाइकाचा विश्वास टिकेल.

पदक आणि ॲगमार्क

पदक व ॲगमार्क यांत गल्लत करू नये. ॲगमार्क हे 1937 च्या कृषि उत्पादन (प्रतवारी व चिन्हांकन) कायद्याखालील प्रतीचे चिन्ह आहे. ते वापरण्यासाठी केंद्र शासनाच्या पणन व निरीक्षण संचालनालयाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि माल ठरावीक प्रतीनुसार तपासून घ्यावा लागतो. पदक एका दिवसाच्या स्पर्धेचा निकाल सांगते. ॲगमार्क तपासलेल्या मालाची प्रत सांगतो. अधिकारपत्राशिवाय ॲगमार्क छापणे हा कायद्याचा भंग होय.

भौगोलिक चिन्हांकनाचेही असेच आहे. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेल्या व 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या वसमतच्या हळदीस हे चिन्हांकन मिळालेले आहे. नोंदणीत दिलेल्या क्षेत्रात पिकलेल्या हळदीवरच, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या उत्पादकासच, ते चिन्ह वापरता येते. शेजारच्या गावी पिकली म्हणून कोणतीही हळद त्या चिन्हाखाली विकता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये वेष्टणावरील प्रत्येक दावा खरा, स्पष्ट व सिद्ध करता येण्याजोगा असला पाहिजे. खोटे किंवा दिशाभूल करणारे लेबल असलेल्या मालाबद्दल तीन लाख रुपयांपर्यंत, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये तर लेबल व वेष्टण यांचा समावेश जाहिरातीतच केला आहे.

शिवाय पदकामुळे मालाची कसोटी सुटत नाही. हळदीच्या पुडीत ओलावा शेकडा 10 पेक्षा जास्त नसावा, रंगद्रव्य शेकडा 2 पेक्षा कमी नसावे, आणि शिशाचा पिवळा रंग मुळीच नसावा, असे मानक आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा पाहिले जाते ते हेच.

छापण्यापूर्वी पुढील नियम पाळावेत

1. स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी घ्यावी व प्रमाणपत्र जपून ठेवावे.

2. पदकाशेजारी संस्थेचे नाव, वर्ष, मालाचा प्रकार व मिळालेला क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत द्यावा. दुसरा क्रमांक मिळाला असता नुसते ‘पारितोषिक विजेता’ असे मोघम लिहू नये.

3. एका मालाचे पदक दुसऱ्या मालावर लावू नये. लोणच्यास मिळालेले पदक पापडावर शोभत नाही.

4. प्रमाणपत्रावर अशोकस्तंभाची राजमुद्रा असली तरी ती पुड्यावर उतरवू नये. व्यापारासाठी राजमुद्रा वापरण्यास 2005 च्या कायद्याने मनाई आहे.

5. पदकाच्या चित्राखाली आवश्यक मजकूर झाकला जाऊ नये. उत्पादकाचे नाव व पत्ता, घटक पदार्थ, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, खेप क्रमांक, तारखा आणि चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसावा.

6. पदक पिशवीवर कायमचे न छापता वेगळ्या चिकटपट्टीवर छापावे. त्या खेपेचे पुडे संपले की पट्टी लावणे थांबवावे. यामुळे जुन्या पिशव्या वाया जात नाहीत आणि खोटे बोलण्याचा मोहही पडत नाही.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत एक साधी वही ठेवण्यास सांगावे. माल कोणाच्या शेतातला, किती किलो, कोणत्या दिवशी दळला, कोणत्या खेपेत भरला आणि त्यातील किती पुड्यांवर पदकाची पट्टी लावली, एवढी नोंद पुरे. छापखान्यास मजकूर देण्यापूर्वी तो कार्यकर्त्याने एकदा नजरेखालून घालावा; छपाईनंतर चूक दुरुस्त करणे खर्चाचे असते.

गिऱ्हाईक पहिला पुडा पदक पाहून घेते. दुसरा मात्र पहिल्याची चव पाहून घेते. एका गटाने भलत्या मालावर पदक लावले, तर पुढील मेळाव्यात त्या गावच्या प्रामाणिक मालाकडेही लोक संशयाने पाहतात. तेव्हा पदक अवश्य मिरवावे, परंतु ज्या मालाने ते मिळविले त्याच मालावर.