घराच्या संरक्षणासाठी बंदूक घ्यायची म्हटलं तर? परवाना कसा मिळतो, कोणतं शस्त्र मिळतं आणि कायदा काय सांगतो?

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेता गोविंदा मुंबईतल्या जुहूच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत असताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि थेट त्याच्या डाव्या पायात घुसली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली.

घरात ना चोर शिरला होता, ना कुणी हल्लेखोर. स्वसंरक्षणाच्या शस्त्रातूनच मालक जखमी झाला होता.

एखाद्या बंगल्यावर दरोडा पडल्याची बातमी आली की कमेंटमध्ये हमखास एक वाक्य दिसतं, 'आता घरात एक बंदूक ठेवायलाच पाहिजे.' त्यातच 'पहिली गन कोणती घ्यावी' असे अमेरिकन व्हिडिओ रोज मोबाइलवर येत असतात. पण तिथला सल्ला इथे लागू होतो का? भारतात सामान्य माणसाला घरासाठी शस्त्र मिळतं का? मिळालं तर ते वापरता कधी येतं? आणि त्यामुळे घर खरंच सुरक्षित होतं का?

शस्त्र बाळगणं हा हक्क आहे का?

अमेरिकेत आहे, भारतात नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन ठेवण्याचा वैयक्तिक हक्कही मान्य केला.

भारतात असा कुठलाही मूलभूत हक्क नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या मुद्द्याची स्वतःहून दखल घेताना हाच फरक अधोरेखित केला होता. इथे सगळं चालतं ते १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्यानुसार. आधी परवाना, मग शस्त्र असा हा क्रम आहे.

हा क्रम चुकवून गावठी कट्टा घरात ठेवला तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यासाठी किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे. 'फक्त संरक्षणासाठी ठेवला होता' हे कारण इथे चालत नाही.

परवाना कोण देतं आणि कुणाला मिळत नाही?

जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना म्हणजेच जिल्हादंडाधिकाऱ्यांना असतो. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे असतो.

अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवर कायद्यात बंधनं आहेत. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यावा लागलेल्यांना त्या बाँडच्या मुदतीत शस्त्र मिळत नाही. मानसिक स्थिती हाही निकष आहे.

एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. नकार दिला तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं.

अर्ज केल्यावर काय होतं?

अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्यासोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागतं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

त्यानंतर अर्ज जातो स्थानिक पोलीस ठाण्यात. अर्जदारावर गुन्हे आहेत का, त्याची शेजारीपाजारी वागणूक कशी आहे, त्याला खरंच धोका आहे का, याची चौकशी होते. पोलिसांचा अहवाल आल्यावर परवाना द्यायचा की नाही, हे अधिकारी ठरवतात.

'मला भीती वाटते' एवढं सांगून सहसा भागत नाही. धमक्या आल्या असतील, आधी हल्ला झाला असेल, घर वस्तीपासून लांब शेतात असेल, व्यवसायात मोठी रोकड हाताळावी लागत असेल, तर त्याची कागदपत्रं जोडावी लागतात. म्हणूनच धमकी आल्यावर आधी पोलिसांत तक्रार नोंदवणं महत्त्वाचं ठरतं.

परवाना मिळाला तर तो ५ वर्षांसाठी असतो. २०१९ च्या आधी ही मुदत ३ वर्षं होती. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमधला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. पूर्वी एका व्यक्तीला ३ शस्त्रं ठेवता येत होती, आता ही मर्यादा २ वर आली आहे. नेमबाज खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

दुकानात जाऊन हवी ती बंदूक घेता येते का?

नाही. भारतात शस्त्रांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. एक 'प्रोहिबिटेड बोअर', म्हणजे सामान्य नागरिकांना सहसा न मिळणारी शस्त्रं. दुसरा 'नॉन प्रोहिबिटेड बोअर', ज्यांचा परवाना स्थानिक पातळीवर मिळू शकतो.

बोअर म्हणजे साध्या भाषेत नळीच्या आतला व्यास. सिनेमात दिसणारं ९ एमएम पिस्तूल पहिल्या गटात येतं. ऑटोमॅटिक रायफलींचं तर नावच नको. सामान्य अर्जदारासमोर मुख्यतः तीन पर्याय उरतात: पॉइंट ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, त्याच बोअरचं पिस्तूल किंवा १२ बोअरची बंदूक.

परदेशी शस्त्र मागवण्याचाही मार्ग जवळपास बंद आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांना बंदुका आयात करता येत नाहीत. त्यामुळे जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरचे भाव आजही चढे असतात. बाकीच्यांसाठी सरकारी आयुध निर्माणींची किंवा परवानाधारक खासगी कंपन्यांनी देशात बनवलेली शस्त्रं असतात.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'निर्भीक'. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या निर्माणीने महिलांसाठी म्हणून जेमतेम अर्धा किलो वजनाचं हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. 'महिलांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याच पर्समध्ये टाकली जातेय', अशी टीका तेव्हा झाली होती.

रिव्हॉल्व्हर, पिस्तूल की १२ बोअर?

इथे कायद्यातच एक रंजक फरक आहे. संरक्षणासाठी मागितलेली, किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपल्याकडे गावोगाव दिसणारी एकनळी किंवा दुनळी, असेल तर अपात्रतेचं कारण नसताना परवाना द्यावा, अशी कलम १३ ची भाषा आहे. शेतीच्या संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीलाही हेच लागू होतं. कोकणात रानडुकरांपासून शेती वाचवण्यासाठी असे परवाने घेतले जातात.

रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलासाठी मात्र 'सबळ कारण' आहे, याची अधिकाऱ्यांची खात्री पटावी लागते. छोटं शस्त्र लपवता येतं, कुठेही नेता येतं, म्हणून त्याबाबत कायदा जास्त सावध आहे.

वापराच्या दृष्टीने तिन्हींचं गणित वेगळं आहे.

१२ बोअर लांब असते. शेतातल्या घराला किंवा वाड्याला ती ठीक, पण वन बीएचके फ्लॅटच्या अरुंद पॅसेजमध्ये ती वळवणंही अवघड. मात्र ती सहज कुठे नेता येत नाही आणि लहान मुलाच्या हाती चटकन लागत नाही.

रिव्हॉल्व्हरची रचना सोपी असते. फिरत्या चक्रात गोळ्या असतात आणि चक्र बाहेर काढलं की ते भरलेलं आहे की रिकामं, हे लगेच दिसतं. पण जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये, खाली पडून घोड्याला मार बसला तर गोळी सुटू शकते.

पिस्तुलात गोळ्या मॅगझिनमध्ये असतात. इथे नवशिक्यांची एक चूक जीवघेणी ठरते. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं ते समजतात. प्रत्यक्षात एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते.

आणखी एक मुद्दा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा. नेम चुकला तर गोळी दरवाजा किंवा पातळ पार्टिशन भेदून पलीकडे जाऊ शकते. पलीकडे शेजाऱ्यांचं घर असतं किंवा आपल्याच मुलांची खोली.

परवाना घराला नाही, माणसाला मिळतो

घराच्या संरक्षणाचा विचार करताना सर्वात जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याचंच. तो रात्रपाळीला गेला, तर ते शस्त्र कुटुंबातल्या इतर कुणी मनाने वापरावं, असं कायद्याला अपेक्षित नाही. परवानाधारकाचा मृत्यू झाला, तर घरच्यांना शस्त्र तसंच कपाटात ठेवता येत नाही, ते जमा करून वारसाला रीतसर अर्ज करावा लागतो.

दुसऱ्याच्या हाती शस्त्र लागलं तर काय होतं, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत दिसलं. दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, ते हल्लेखोराच्या अंगरक्षकाचं परवानाधारक पिस्तूल असल्याचं तपासात समोर आलं.

म्हणून नियमांचा सगळा भर सुरक्षित साठवणुकीवर आहे. शस्त्र कुलूपबंद तिजोरीत, रिकामं करून आणि गोळ्या वेगळ्या ठेवणं, ही त्यातली मूळ शिस्त. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलिसांकडे जमाही करावं लागू शकतं. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

चोर घरात शिरला तर गोळी झाडता येते का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार दिलेला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू होईपर्यंत प्रतिकार करण्याची मुभाही काही परिस्थितींत आहे. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, घराला आग लावणं अशा प्रसंगांचा त्यात समावेश होतो.

पण कलम ३७ या अधिकाराला लगाम घालतं. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तर हा अधिकार नाही. आणि बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 'दर्शन सिंह विरुद्ध पंजाब राज्य' या २०१० च्या निकालात हीच चौकट मांडली. खरी आणि तातडीची भीती असेल तर भित्र्यासारखं पळून जाण्याची गरज नाही, पण बचावाच्या नावाखाली सूडही घेता येत नाही.

म्हणजे भिंतीवरून उडी मारून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर तो बचाव ठरवणं कठीण. दारात आलेला माणूस चोर नसून रात्री उशिरा परतलेला घरातलाच कुणी असेल, तर कायद्याने दिलेली कुठलीही सूट त्याला परत आणू शकत नाही.

बंदुकीमुळे घर खरंच सुरक्षित होतं का?

या प्रश्नावर सर्वात जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःकडे हँडगन नसलेले, पण हँडगन असलेल्या व्यक्तीसोबत एकाच घरात राहणारे प्रौढ त्यात तपासले गेले. बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या तुलनेत त्यांची हत्या होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. त्याच राज्यातल्या २०२० च्या अभ्यासात, हँडगन असलेल्या पुरुषांचा बंदुकीने आत्महत्या करण्याचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे ८ पट आढळला.

भारतातली परिस्थिती वेगळी आहे, शस्त्रं कमी आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण त्यातला मुद्दा इथेही लागू होतो. घरात चोर शिरण्याची रात्र कदाचित एकदाही येत नाही. भांडण, नैराश्य, दारू आणि लहान मुलांचं कुतूहल मात्र घरात रोज असू शकतं आणि बंदूकही रोज तिथेच असते.

परवाने सढळ हाताने वाटले गेले की त्याचे सामाजिक परिणामही होतात. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात १,२०० हून जास्त शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले.

मग करायचं काय?

ज्याला खरंच जिवाचा धोका आहे, त्याच्यासाठी कायद्याने दार बंद केलेलं नाही. अशा माणसाने तक्रार नोंदवावी, रीतसर अर्ज करावा, आणि शस्त्र मिळालंच तर प्रशिक्षण व तिजोरी यांचा खर्च शस्त्राच्या किमतीतच धरावा.

बाकीच्यांसाठी यादी साधी आहे. मजबूत सेफ्टी डोअर आणि कडी, जिन्यात आणि अंगणात पुरेसा उजेड, सीसीटीव्ही, जागरूक शेजारी, गावी जाताना पोलीस ठाण्याला दिलेली कल्पना आणि मोबाइलमध्ये ११२ हा क्रमांक. यासाठी ना परवाना लागतो, ना पोलीस चौकशी. आणि यातली एकही वस्तू कपाटात ठेवताना हातातून निसटली, तर कुणाच्या पायात गोळी घुसत नाही.