जीपीएस फक्त रस्ता दाखवत नाही, कॉम्प्युटरला वेळही सांगतं! पण कशी?

मंडळी, खूप दिवस बंद असलेला जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि एकही वेबसाइट उघडेना, असं तुमच्याबाबतीत झालंय का? कोपऱ्यात पाहिलं तर तारीख काही वर्षं मागची! मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की असं होतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीखच चुकली की कॉम्प्युटरला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं.

सेल चांगला असला तरी घड्याळ थोडं चुकतंच. ते क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं आणि तापमान बदललं की कंपनांचा वेगही किंचित बदलतो. दहा लाखांत फक्त २० चा फरक पडला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांची चूक होते. म्हणून कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो. पण इंटरनेटच नसेल, किंवा त्याहून काटेकोर वेळ हवी असेल तर? तिथे जीपीएस कामाला येतं.

रस्ता शोधणाऱ्या यंत्राकडे वेळ कुठून आली?

जीपीएस हे मुळात घड्याळांचंच जाळं आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळं असतात. उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत." हा संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर अंतर काढतो.

रेडिओ लहरी एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातात. रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ मात्र स्वस्तातलं असतं. म्हणून तो किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन चार गोष्टी शोधतो: जागेचे तीन आकडे आणि आपल्या घड्याळाची चूक. म्हणजे जागा सापडली की अचूक वेळही सापडलीच!

मग रिसीव्हर जोडला की झालं?

इथेच बरेच जण फसतात. रिसीव्हर दर सेकंदाला 'आता इतके वाजले' अशी मजकुराची ओळ पाठवतो. ती तयार होऊन कॉम्प्युटरपर्यंत पोचेस्तोवर सेकंदाचा काही भाग उलटून गेलेला असतो, आणि हा उशीर दर वेळी सारखाही नसतो.

यावर उपाय म्हणून काही रिसीव्हरमध्ये वेगळी तार असते. प्रत्येक सेकंद सुरू होताक्षणी तिच्यातून विजेचा एक ठोका येतो. याला पीपीएस, म्हणजे 'पल्स पर सेकंड' म्हणतात. शाळेचं वेळापत्रक सांगतं तास कोणता, पण तो नेमका कधी सुरू झाला हे घंटा सांगते. तसंच इथे ओळ सांगते सेकंद कोणता आणि ठोका सांगतो तो कधी सुरू झाला. चांगल्या रिसीव्हरच्या ठोक्यातली चूक मायक्रोसेकंदापेक्षाही कमी असते. साध्या यूएसबी रिसीव्हरमध्ये बहुतेक वेळा ही तार बाहेर काढलेली नसते. त्यामुळे तो रस्ता नीट दाखवतो, पण वेळेच्या कामी कच्चा पडतो.

१८ सेकंद पुढे!

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून मोजतात आणि तिच्यात लीप सेकंद धरत नाहीत. त्यामुळे २०१७ च्या सुरुवातीपासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. किती सेकंद वजा करायचे हे उपग्रहच सांगतात, पण ही माहिती साडेबारा मिनिटांतून एकदा येते. म्हणून नव्याने सुरू केलेल्या रिसीव्हरवर लगेच विश्वास ठेवू नये.

कॉम्प्युटर थेट २००२ मध्ये?

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ झाली की पुन्हा शून्यावर येते. हे चक्र साधारण १९.६ वर्षांचं. सध्या कितवं चक्र चालू आहे, हे रिसीव्हर किंवा सॉफ्टवेअरला स्वतःच ओळखावं लागतं. 'जीपीएसडी' या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांत याच हिशोबात चूक होती. २४ ऑक्टोबर २०२१ ला त्या कॉम्प्युटरला थेट मार्च २००२ मध्ये नेणार होत्या! चूक आधीच लक्षात आली आणि दुरुस्त आवृत्तीही आली. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले.

म्हणजे ठोका अगदी अचूक, पण तारीख साडेएकोणीस वर्षं मागची, असंही होऊ शकतं. म्हणूनच जाणकार एकाच घड्याळावर विसंबत नाहीत. जीपीएससोबत इंटरनेटवरचे तीन-चार टाइम सर्व्हरही जोडतात. एखादा वेगळंच सांगू लागला, तर सॉफ्टवेअर त्याला बाजूला काढतं. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही इंटरनेटवरून वेळ पुरवते.

घरच्या कॉम्प्युटरला एवढा खटाटोप नको, 'ऑटोमॅटिक टाइम' चालू ठेवलं की पुरे. पण मोबाइल टॉवर, वीजजाळं आणि शेअर बाजाराला सेकंदाचा बारीक भागही महत्त्वाचा असतो. दोन व्यवहारांपैकी आधी कोणता झाला, हे शेवटी घड्याळच ठरवतं!

तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ आत्ता किती चुकतंय? फोनशी ताडून बघा आणि कमेंटमध्ये सांगा.