नेपल्समध्ये भेटली माहेरची बाई!

युरोप ट्रिपमध्ये प्रत्येक कपलचं एक भांडण ठरलेलं असतं. आमचं झालं रोममध्ये, रात्री साडेअकराला. हातात उरला होता एकच दिवस. नवरोबांना हवं होतं कॅप्री बेट. निळा समुद्र, बोट, फोटो! आणि मला हवं होतं नेपल्सचं म्युझियम.

"अगं, तीन दिवस आपण म्युझियमच करतोय!" तो वैतागला.

"तिथे माझ्या गावची एक बाई आहे," मी म्हटलं. त्याची झोपच उडाली.

थांबा, जरा फ्लॅशबॅक. मी भोकरदनची. जिल्हा जालना. पण पुण्यात नोकरीला आल्यापासून कुणी गाव विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं, "औरंगाबाद साइड." शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तशी मीही 'संभाजीनगर साइड'ची झाले. भोकरदनचा नंबर काही लागला नाही! खरं सांगा, तुमच्यातले किती जण असंच करता? गावाचं नाव घेतलं की समोरच्याचा ब्लँक चेहरा, मग "हे कुठे आलं?", मग दुष्काळाबद्दल सहानुभूती... त्यापेक्षा शॉर्टकट बरा. नवरा पक्का कोथरूडचा. लग्नाला तीन वर्षं झाली, तो भोकरदनला दोनदा आलाय. दोन्ही वेळा संध्याकाळी परत.

शाळेत आमचे इतिहासाचे सर एकदा म्हणाले होते, "आपल्या गावची हस्तिदंताची बाहुली इटलीत आहे." अख्खा वर्ग हसला होता. मीसुद्धा.

सकाळी ७ : चलो नेपल्स

रोमहून फास्ट ट्रेननं साधारण सव्वा तास. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच! हॉर्नचा कल्ला, गर्दीतून वाट काढणाऱ्या स्कूटर्स, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, या खिडकीतून त्या खिडकीत गप्पा. इथे एस्प्रेसो काउंटरवर उभ्या उभ्याच मारायची. आणि 'कॅफे सोस्पेझो' नावाची एक झकास पद्धत आहे. आपण एक कॉफी प्यायची, पैसे दोन कपांचे द्यायचे. दुसरा कप नंतर येणाऱ्या, खिसा रिकामा असलेल्या कुणा अनोळखी माणसाचा. नवऱ्यानं लगेच दोनचे पैसे दिले. कॅप्रीचा राग अर्धा उतरला होता तर!

सकाळी ९.३० : थांबलेलं शहर

लोकल ट्रेन पकडून पॉम्पेई. पाऊण तासाच्या आतच पोचलो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे गजबजलेलं शहर राखेखाली गाडलं गेलं. आजही दगडी रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकांचे चरे दिसतात. कोपऱ्याकोपऱ्यावर गरम खाण्याची दुकानं, ओट्यात मडकी बसवलेली. म्हणजे टू-थाउजंड-इयर-ओल्ड खाऊगल्लीच की!

इथला मोठा रस्ता म्हणजे व्हिया देल अब्बोंदान्झा. याच रस्त्यालगतच्या एका घरात १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना एक छोटी हस्तिदंती मूर्ती सापडली. मूर्ती इटलीची नव्हती, भारतातली होती! त्या घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणूनच ओळखतात. म्हणजे ज्वालामुखी फुटायच्या आधीच ती इथे पोचली होती. ना पासपोर्ट, ना व्हिसा!

दुपारी २ : पिझ्झा आणि मिरची

नेपल्स म्हणजे पिझ्झाचं माहेर. इथल्या पिझ्झा बनवण्याच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. पिझ्झा मधे मऊ, कडेला फुगलेला, वर टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीसारखं बेसिल. विषय संपला.

बाहेर दुकानांत लालचुटूक, मिरचीसारख्या वस्तूंचे हार लटकत होते. "हे तर पिंपळगाव रेणुकाई!" मी ओरडले. आमच्या तालुक्यातला तो मिरचीचा मोठा बाजार. पण ही मिरची नव्हे, 'कॉर्निचेल्लो' म्हणजे छोटं शिंग. दृष्ट लागू नये म्हणून नेपल्सची माणसं बाळगतात. आपली लिंबू-मिरची आणि यांचं शिंग, फंडा एकच! सासूबाईंसाठी एक घेतलं.

दुपारी ४ : भेट

म्युझियम प्रचंड मोठं आहे. पण मी सरळ 'सिक्रेट कॅबिनेट' विचारत सुटले. पॉम्पेईत सापडलेल्या 'तसल्या' कलाकृतींचं हे दालन कित्येक वर्षं सर्वांना खुलं नव्हतं. २००० साली ते पब्लिकसाठी उघडलं. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "तुझ्या माहेरची बाई अडल्ट सेक्शनमध्ये?" त्याला कोपरानं ढोसलं आणि पुढे पाहिलं.

काचेमागे ती उभी होती. उंची जेमतेम वीतभर. हात मागे वळवलेला, पायांना झोकदार अढी. अंगावर कपडा नाही, पण दागिने म्हणाल तर भरगच्च. कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात हार, कमरेला मेखला, पायांत भरभरून वाळे. दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. आधी तिला लक्ष्मी समजत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी असा अंदाज.

मग भोकरदनचा संबंध काय? आमचं गाव म्हणजे सातवाहन काळातलं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत इथल्या दानशूर माणसांचे उल्लेख आहेत. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा याच धाटणीचं हस्तिदंती काम सापडलं. अशीच एक मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही मिळाली आहे. त्या काळी पैठण-तेरचा माल गाड्यांवरून भडोच बंदरात जायचा, तिथून मान्सूनच्या वाऱ्यावर तांबडा समुद्र, मग अलेक्झांड्रिया, मग रोमन जग.

"पण कन्फर्म आहे का?" नवरोबांमधला टेस्टर जागा झाला. नाही, शंभर टक्के नाही. आधी ती मथुरेची मानली जायची. पायाशी खरोष्ठी अक्षर आहे, तेही वायव्येकडचं. पण म. के. ढवळीकरांसारख्या मोठ्या पुरातत्त्वज्ञानं भोकरदनच्या बाजूनं कौल दिलाय. मला तेवढं पुरे. सर थापा मारत नव्हते!

शेजारी उभ्या असलेल्या एका इटालियन आजींनी विचारलं, "इंडिया? मुंबई? दिल्ली?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. ओठांवर सवयीचं 'साइड' आलंच होतं. ते गिळलं आणि मूर्तीकडे बोट दाखवून म्हटलं, "भोकरदन. शी इज ऑल्सो फ्रॉम भोकरदन... मे बी."

आजींना ते नाव काही जमेना. तर आमचे कोथरूडकर पुढे सरसावले आणि एकेक अक्षर तोडून शिकवायला लागले, "भो... कर... दन!" मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

संध्याकाळी ७ : व्हिडिओ कॉल

समुद्राकाठी बसून घरी फोन लावला. अण्णांचा पहिला प्रश्न, "काय खायलीस तिथं?" पिझ्झाचं सांगून झालं, मग तिचं सांगितलं. अण्णा क्षणभर गप्प. मग एखाद्या लांब दिलेल्या लेकीबद्दल विचारावं तसं म्हणाले, "बरी हाय ना ती तिकडं?"

"छान आहे, अण्णा. दागिनेपण सगळे आहेत अंगावर."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "या दिवाळीत चार दिवस राहू या तुझ्याकडे. मला ती जागा बघायचीय." कॅप्रीचं नाव परत निघालं नाही.

जाणार असाल तर...

• नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम मंगळवारी बंद असतं. प्लॅन त्याप्रमाणे करा.

• पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव लागतं. आधीच बुक करा, सकाळी लवकर जा.

• आणि भोकरदनला? त्याला व्हिसा लागत नाही! जालन्याहून निघा, वाटेत राजूरच्या गणपतीचं दर्शन घ्या, पुढे भोकरदन. तालुक्यातलं अन्व्याचं कोरीव मंदिर अजिबात चुकवू नका. मुक्काम मात्र करा. संध्याकाळी परत फिरू नका!