घरोटाच्या घरघरीत देव

श्रावण शुद्ध पंचमी हा आपल्या घरातील हत्यारांच्या विसाव्याचा दिवस. आज विळीवर भाजी चिरावयाची नाही, चुलीवर तवा ठेवावयाचा नाही, शेतात नांगर धरावयाचा नाही. पाटावर चंदनाने रेखिलेल्या नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून गृहिणी हात जोडते. आणि पंचमी उलटली की येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई येते. तिच्या रोटांसाठी घरातील माणसे मोजून गहू काढावयाचे, निवडावयाचे, दळावयाचे. त्या मापात जन्मलेले तान्हे मूलही मोजले जाते. एका मुठीत सारे कुटुंब देवीपुढे उभे राहते.

हे दोन सण पाठोपाठ येतात, तेव्हा आमच्या मनात एक विचार येतो. आज आपण विळीला आणि तव्याला विसावा देतो, रविवारी दळण्याला पूजेचे मोल देतो. मग वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे काय? रोजचे दळण, रोजची भाकरी, रोजची झाडलोट देवाच्या अंगणाबाहेरची मानावयाची की काय? या प्रश्नाचे उत्तर खानदेशाच्या मातीने एकदा नव्हे, दोनदा दिले आहे. एकदा जळगावच्या शेतात, आणि एकदा धुळ्याच्या तुरुंगात.

जळगावजवळच्या आसोदे गावी महाजनांच्या घरी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तोही नागपंचमीचाच, असे सांगतात. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी चौधरी यांच्या घरी सून म्हणून आल्या. तिसाव्या वर्षी कपाळीचे कुंकू गेले. पदरी मुले, माथ्यावर शेतीचा भार. त्या प्लेगचे दिवस पाहिलेल्या पिढीतल्या. दुःख त्यांना शोधीत जावे लागले नाही. अक्षरओळख नव्हती. शाळा म्हणावी तर शेत, पाटी म्हणावी तर काळी माती.

परंतु या बाईंच्या दृष्टीत नवल होते. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी ही प्रत्येक शेतकरणीच्या वाट्याला येणारी कामे. उपणताना वाऱ्याबरोबर भूस उडते आणि दाणा पायाशी पडतो, हे हजारोंनी पाहिले; त्यातून गाणे बहिणाबाईंना दिसले. सुगरणीचा झाडाला टांगलेला खोपा वाटेवरून जाणारा प्रत्येकजण पाहतो. एवढ्याशा चोचीने एवढी कारागिरी साधते, मग हातापायांच्या माणसाने काय करावे, हा प्रश्न त्यांना पडला. तव्यावरच्या भाकरीआधी हाताला बसणारा चटका प्रत्येक सुनेला ठाऊक आहे. त्या चटक्यात त्यांना साऱ्या संसाराची रीत उमगली. दाणे भरडणाऱ्या घरोटाशी, म्हणजे जात्याशी, त्या घरच्या माणसाशी बोलावे तशा बोलल्या.

आजच्या दिवशी त्यांच्या एका गाण्याची आठवण विशेष व्हावी. शेतात काम चालले आहे, तान्हे बाळ हाऱ्यात निजले आहे, आणि त्याच्याजवळ नाग येतो. आई धावा करते, बाळकृष्णाने पावा वाजवावा म्हणून विनविते. तेवढ्यात दूर कोठेतरी ढोराक्याचा, म्हणजे गुराख्याचा, पावा वाजू लागतो आणि त्या नादात नाग निघून जातो. आई हात जोडते आणि नागपंचमीला दूध ठेवण्याचे वचन देते. वाचकहो, येथे चमत्कार कोणता? गुराखी रोजच पावा वाजवीत असेल. आईला मात्र त्या सुरात गोकुळ ऐकू आले. आपण पाटावर जो नाग रेखितो, त्याच्यामागे भय आणि कृतज्ञता यांची अशी एक गाठ आहे, हे या गाण्याने जितके कळते तितके दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

आता धुळ्याकडे वळू. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या दिवसांत विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते सोबतच्या बंदिवानांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगत. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या देव्हाऱ्याजवळ आहे. भिंतींच्या आत, कैद्यांच्या ठरलेल्या दिनक्रमात, विनोबांनी जे सांगितले त्याचे सार असे की, काम तेच असते. त्यात मन ओतले की त्याचे ओझे उरत नाही. बाहेरच्या कर्माला आतल्या भावाची जोड मिळाली पाहिजे. गोरोबांचे मडके, सेना महाराजांचा वस्तरा, सावता महाराजांचा मळा यांनी हेच दाखविले. संतांनी धंदा सोडून देव गाठला नाही, धंद्यातच गाठला.

विनोबांना ही दृष्टी कोठे लाभली? ग्रंथांतून तर खरीच, परंतु त्याआधी आईच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, देवाला तांदळाच्या लाख दाण्यांची लाखोली वाहण्याचा नेम धरला होता. दाणा दाणा मोजणे चाले. वडील हिशेबी, एक तोळा तांदूळ मोजून घ्या आणि बाकीचे वजनाने काढा, असे ते म्हणाले. आईने मुलाला विचारले. मुलाने सांगितले, की ही नुसती दाण्यांची मोजदाद नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून मोजलेच पाहिजे. कानबाईच्या रोटाचे गहू मुठीने मोजणाऱ्या आमच्या भगिनींना यातले मर्म वेगळे सांगावयास नको.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. बहिणाबाईंनी कष्टांचे गाणे केले, म्हणून कष्ट गोड होते असे नव्हे. पहाटे उठून पायलीभर दळणाऱ्या बाईचे खांदे भरून येत. पिठाची गिरणी आली, पाण्याचा नळ आला, गॅसची शेगडी आली. बायाबापड्यांचा भार हलका झाला, हे चांगलेच झाले. घरोट पुन्हा मांडा, असा आमचा आग्रह मुळीच नाही. ज्याला दुसऱ्याच्या कष्टांत काव्य दिसते आणि स्वतःचा हात मात्र लावावासा वाटत नाही, त्याने बहिणाबाईंचे नाव न घेतलेलेच बरे. रोटाचे जाते ओढावयास घरातील पुरुषांनीही बसावे. देवी काही त्यामुळे कोपणार नाही.

सांगावयाचे आहे ते निराळेच. गिरणी आली तेव्हा दळण गेले, पण दळणाबरोबर ओवीही गेली. वाचलेला वेळ आपण कशाने भरला, याचा विचार ज्याने त्याने आपल्या उंबरठ्याच्या आत करावा. नवल जात्यात नव्हते, पाहणाऱ्यात होते. कुकरच्या शिट्टीपाशी, शाळेच्या डब्यापाशी, केळीच्या बागेला पाणी देताना, कापूस वेचताना ते आजही उभे आहे.

आणखी एक गोष्ट. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती थोडक्यात वाचून. त्या काम करीत आणि गात. चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी जेवढी टिपली तेवढी राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी त्या वहीतले सोने ओळखले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या विद्यापीठाला त्या निरक्षर माउलीचे नाव आहे. मात्र वाऱ्यावर विरलेली गाणी किती, त्याचा हिशेब कोणाजवळच नाही.

जळगावला मुलाने ऐकले, धुळ्याला साने गुरुजींनी ऐकले. म्हणून दोन्ही ठेवे वाचले. आपल्या घरातही कोणी आजी, मावशी, आत्या असेल. कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, दळणाच्या ओव्या तिच्या ओठी असतील. विचारले तर ती म्हणेल, “मला मेलीला काय येतं?” तरीही विचारावे. आज विळी विसावली आहे, तवा विसावला आहे; तेव्हा तिच्याजवळ बसावयास वेळ नाही, अशी सबब कोणाला सांगता येणार नाही. एक वही घ्यावी, तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, शुद्ध करावयास जाऊ नये. नागोबाला दूध आणि कानबाईला रोट आपण वाहणारच आहोत; त्या वहीचे एक पानही देव्हाऱ्यापुढे ठेवले, तर या श्रावणाची पूजा पुरी झाली असे आम्ही समजू.