चिकट टाइलखालची जुनी फरशी

मोझॅक जुनाट दिसू लागला किंवा शहाबादीचे टवके उडाले, की हल्ली अनेक घरं स्वतःच चिकटणाऱ्या विनाइल टाइल्सकडे वळतात. तोडफोड नाही, सिमेंट-वाळूचा पसारा नाही. मागचा कागद सोलायचा आणि टाइल दाबून बसवायची. पहिल्याच पावसाळ्यात कोपरे उचकटले की दोष डिंकाला दिला जातो. बहुतेक वेळा दोष असतो तो खालच्या फरशीत.

हा डिंक वाळून घट्ट होत नाही, कायम मऊ राहतो. दाबल्यावर तो संथपणे पसरतो, बारीक खाचांत उतरतो. त्याचे रेणू फरशीच्या रेणूंना भिडले की त्यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण काम करू लागतं. हे बल एखाद्या नॅनोमीटरपलीकडे जवळपास संपतं, आणि धुळीचा साधा कण असतो काही मायक्रोमीटरचा, म्हणजे हजारो पट मोठा. धुळीच्या फरशीवर डिंक धुळीलाच धरतो, फरशीपर्यंत पोहोचत नाही. मेण, पॉलिश आणि स्वयंपाकघरातल्या तेलाचा थरही तेच करतो. म्हणून साबणाच्या पाण्याने घासावं, साबणाचा अंशही उरू न देता स्वच्छ पाण्याने धुवावं आणि फरशी पूर्ण वाळू द्यावी.

इथे ॲसिडची बाटली मात्र काढू नये. शहाबादी हा चुनखडक, मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी. हायड्रोक्लोरिक ॲसिडने हे सारं विरघळतं आणि कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हा क्षार हवेतली वाफ इतकी ओढून घेतो की त्याचं स्वतःचंच पाणी होतं. चकचकीत धुतलेली फरशी पावसाळ्यात ओलसर लागते, त्यामागे कधीकधी हे कारण असतं.

खरा शत्रू ओलच. जुन्या तळमजल्यांच्या फरशीखाली ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर बहुधा नसतो. मातीतलं पाणी कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढतं आणि फरशी उघडी असेपर्यंत गुपचूप उडून जातं, त्यामुळे ती कोरडी भासते. विनाइल वाफेला जवळपास अडवून धरतं. वाट बंद झाली की पाणी टाइलखाली साचतं, सोबत सिमेंटातला अल्कली आणतं आणि तो डिंकाचे रासायनिक बंध तोडू लागतो. मग टाइलच्या सांध्यांतून चिकट, तपकिरी द्राव बाहेर येतो.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने बंद कराव्या आणि दिवसभर तसाच राहू द्यावा. खालच्या बाजूला थेंब जमले किंवा फरशी काळवंडली, तर ओल खालून येते आहे. वरच्या बाजूचे थेंब हवेतले, त्यांची काळजी नको. ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये करावी. एप्रिलमधली कोरडी फरशी फसवते.

फरशी कोरडी ठरली, की लाकडी दांड्याने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तिथली फरशी पोकळ आहे, ती काढून पुन्हा बसवावी. दोन मिलिमीटरच्या विनाइलमधून जुने सांधे काही महिन्यांत वर उमटतात, म्हणून ते फरशीसाठी बनवलेल्या सिमेंटच्या मिश्रणाने भरावे. भिंतीची पुट्टी पायाखालच्या भाराला टिकत नाही. मग प्रायमर, तो उरलेली धूळ बांधून ठेवतो. टाइल्स एक-दोन दिवस आधी त्याच खोलीत आणून ठेवाव्या आणि बसवताना जड रोलर फिरवावा. डिंक पुढचे काही दिवस पसरत राहतो, तेवढे दिवस ओलं पुसणं टाळावं.

प्लॅस्टिकखाली पाणी दिसलं, तर त्या खोलीत या टाइल्स बसवूच नका. आधी ओलीचा बंदोबस्त करा, किंवा वाफ जाऊ देणारी साधी फरशीच ठेवा.