सतरा सेंटीमीटरवरचं लंडन

मी सांगलीत तीस वर्षं भूगोल शिकवला. लेक लंडनला राहायला गेली आणि तोच विषय माझ्या घरात येऊन बसला.

पहिल्यांदा तिच्याकडे निघाले तेव्हा शेजारच्या वहिनी तिकीट बघून म्हणाल्या, “ताई, दुपारी दोनला निघून संध्याकाळी साडेसहाला लंडन? साडेचारच तास?” हिवाळ्याचे दिवस होते. तेव्हा लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. म्हणजे प्रवास दहा तासांचा. येताना रात्री साडेनऊला सुटलेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरलं. कागदावर साडेचौदा तास, प्रत्यक्षात नऊ.

वहिनींनी पुढचा प्रश्न अचूक विचारला: जायला दहा, तर यायला नऊ कसे? जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जाणाऱ्या विमानाला हा वारा समोरून येतो, मुंबईकडे येणाऱ्याला मागून रेटतो. नदीत होडी हाकणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर भागाकार आठ येतो. पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या विमानतळावर जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचा रस्ता, रांग, चढण, उतरण हे सगळं त्यात आलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की विमानं उतरण्याआधी आकाशातच घिरट्या घालत थांबतात. एकदा खिडकीतून तेच शेत मला तीनदा दिसलं होतं.

आणि ‘सरळ’ म्हणजे तरी काय? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराक, सीरिया, तुर्कस्तानवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, तो वेगळीच वाट धरतो: कराचीच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवर, मग कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी. खरा जवळचा रस्ता हाच. शाळेत मी दरवर्षी हा दोरा मुलांच्या हातात द्यायची.

पण आज विमान या दोऱ्यावरून जाऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपल्यावरून जायला मनाई केली, मग त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. शहरं जागची हलली नाहीत, तरी वाट लांबली. दोन शहरांमधलं अंतर फक्त निसर्ग ठरवत नाही, हे मला पाठ्यपुस्तकातून शिकवता आलं नव्हतं.

ही वाट पूर्वीही थेट नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं, तेव्हा ते वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं.

तुमचं कुणी परदेशी असेल तर घरात एक पृथ्वीगोल आणा आणि नातवंडांना दोरा ताणू द्या. तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर मुंबई-लंडन सतरा सेंटीमीटर भरतं.